भाज्यावर बर्फ पडतो, फक्त खाली पोचत नाही!

जुलैतला रविवार. लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनावर लोकल थांबते आणि निम्मी गाडी रिकामी होते. छत्र्या, रेनकोट, प्लॅस्टिकच्या पिशव्या डोक्यावर घेतलेली पोरं, सगळा लोंढा एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याकडे निघतो. धबधब्यात भिजायचं, गरमागरम भजी आणि मक्याचं कणीस खायचं, जमलंच तर लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. सगळे चिंब. आणि त्या गर्दीत हमखास एखादा मुलगा बाबांना म्हणतो, "बाबा, हे काय, नुसता पाऊस! आपण बर्फात कधी जायचं? स्की करायला?"

त्या मुलाला कोणीतरी सांगायला हवं की अरे, मान वर कर. तुझ्या डोक्यावर, सरळ वर, साधारण पाच किलोमीटरवर, या घटकेला कदाचित बर्फच पडतोय!

थापा नाहीत हं. पावसाळ्यात जे उंचच उंच ढग येतात, त्यांचा वरचा भाग शून्य अंशांहून कितीतरी थंड असतो. तिथे बर्फाचे स्फटिक असतात. ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली यायला निघतात. भुरुभुरु, काश्मिरात पडतो तसाच हिम. पण खाली येता येता हवा उबदार होत जाते. शून्य अंशांची रेघ ओलांडली की काहीशे मीटरांत सगळा हिम वितळून त्याचे थेंब होतात, आणि तेच थेंब टपाटपा तुमच्या छत्रीवर आपटतात.

सगळा पाऊस असा नसतो, हेही सांगतो. घाटमाथ्यावरचे बरेच ढग ठेंगणे असतात. ते शून्याच्या रेघेपर्यंत पोचतच नाहीत. त्यांचा पाऊस जन्मापासून पाणीच. पण विजा कडाडत येणारे, काळेकभिन्न, मनोऱ्यासारखे ढग आले की समजायचं, वर बर्फाचा कारखाना चालू आहे.

हे कळलं कसं? वर कोण बघायला गेलं होतं? तर विमानातून माणसं खरोखरच गेली आहेत, पण जमिनीवर बसूनही हे दिसतं. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिची एक ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरला आहे, आणि मांढरदेवीच्या डोंगरावर या संस्थेनं रडार बसवलं आहे. रडार ढगात लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरी मोजतं. कोरडा हिमकण लहरी फारशा परत पाठवत नाही. पण वितळायला लागलेला हिमकण आकारानं अजून मोठा असतो आणि बाहेरून ओला झालेला असतो. रडारला तो भलाथोरला थेंब वाटतो! त्यामुळे रडारच्या चित्रात, बरोबर वितळायच्या उंचीवर, एक लखलखीत आडवा पट्टा उमटतो. पट्ट्याच्या वर बर्फ, खाली पाऊस.

म्हणजे भाज्याला बर्फ हवा असेल तर दोनच उपाय. एक तर तो पट्टा खाली ओढायचा, नाहीतर आपला डोंगर वर उचलायचा.

डोंगर उचलून बघू, हिशेबाला काय पैसे पडतात! भाजे साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. जुलैत तिथं तापमान धरा २४ अंश. दमट हवेत एक किलोमीटर वर गेलं की तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरतं. २४ भागिले साडेपाच, म्हणजे जवळपास ४.४ किलोमीटर. त्यात भाज्याची उंची मिळवा. झाले पाच किलोमीटर. शेजारचा लोहगड १,०३३ मीटर. म्हणजे एकावर एक असे पाच लोहगड रचले तर सगळ्यात वरच्या लोहगडाच्या माथ्यावर भर जुलैत बर्फ पडेल. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, तेही इथं तोकडंच. पण आफ्रिकेतला किलिमांजारो ५,८९५ मीटर आहे, म्हणून विषुववृत्ताच्या जवळ असूनही त्याच्या डोक्यावर बर्फ आहे. उंची असली की उन्हाळी देशातही बर्फ टिकतो.

"पण मग डिसेंबर-जानेवारीत का नाही पडत? तेव्हा तर मावळात शेकोट्या पेटतात!"

शाब्बास, हाच खरा प्रश्न. थंडीत आपल्याकडे आकाश निरभ्र असतं. थंडी असते तेव्हा ढग नसतात, आणि ढग असतात तेव्हा थंडी नसते. दोघांची गाठच पडत नाही! काश्मीरची गंमत अशी की तिथं ही गाठ पडते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं ओलसर वारे पूर्वेकडे येतात. हवामानखात्याच्या बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्द ऐकलाय ना? तेच. ते ऐन थंडीत हिमालयावर आदळतात आणि गुलमर्ग, मनाली, औली सगळं पांढरं करून टाकतात.

आपल्याकडे बर्फ अगदीच येत नाही असंही नाही. वळवाच्या पावसात गारा पडतात, कारण गार चांगली टपोरी आणि जड असते. ती इतक्या वेगानं खाली येते की वितळायला वेळच मिळत नाही. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दव गोठतं. स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मजा म्हणजे तेव्हा हवेचं तापमान शून्यावर गेलेलंच असतं असं नाही, ते चार-पाच अंशही असू शकतं. वारा नसलेल्या, निरभ्र रात्री पानं आणि पत्रे आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. पण त्यावर स्की? मुंगीनंच करावी.

बरं, आता जादूची कांडी फिरवू. समजा, लोणावळा-मावळात वर्षाला पडणारा सगळा पाऊस हिम होऊन खाली आला. लोणावळ्याचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे. ताजा हिम म्हणजे बहुतेक हवाच असते. एक सेंटिमीटर पावसाच्या पाण्याचा ढोबळमानानं दहा सेंटिमीटर हिम होतो. चार मीटर पाण्याचा झाला चाळीस मीटर! म्हणजे तेरा मजली इमारत गडप. अर्थात, स्वतःच्याच वजनानं हिम दबत जातो, त्यामुळे खरा ढीग बराच कमी भरेल. तरी भाजे गाव त्यात बुडालंच. लेणी डोंगरात वर कोरलेली, म्हणून वाचली.

अशा भुसभुशीत हिमात उतरून चालायचं कसं? पहिलं पाऊल टाकलं की कमरेपर्यंत आत. दुसरं टाकायचं तर पहिलं निघत नाही. मनालीला भाड्याचे गमबूट घालून गेलेल्यांना विचारा.

भाज्याच्या मुलांना हे शिकवावं लागणार नाही. चिखलणी झालेल्या भातखाचरात उतरलं की काय होतं, त्यांना पक्कं ठाऊक. एका पायावर भार दिला की पाय नडगीपर्यंत रुततो, चिखल 'फच्च' करतो, आणि चप्पल आतच राहते. तुमचं वजन ३५ किलो धरू. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण सगळा भार एकाच पायावर असतो. तळव्याचं क्षेत्रफळ साधारण १४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २५० ग्रॅम भार. आता पायाखाली ६० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद अशी चौकट बांधा. क्षेत्रफळ झालं १,२०० चौरस सेंटिमीटर. भार उतरला तीस ग्रॅमच्याही खाली! वजन तेवढंच, फक्त वाटलं गेलं. ही चौकट म्हणजेच स्नोशू.

जिथं जमीन मऊ, तिथं निसर्गानंही हाच उपाय केलाय. तलावातल्या कमळाच्या पानांवरून ऐटीत चालणारा कमळपक्षी पाहिलाय? त्याच्या पायाची बोटं त्याच्या अंगाच्या मानानं अचाट लांब असतात. म्हैस खाचरात पाय टाकते तेव्हा तिच्या खुराचे दोन भाग फाकतात, तेही नीट बघा. आणि उत्तर अमेरिकेत एक ससा आहे, त्याची मागची पावलं इतकी मोठी आणि केसाळ की त्याचं इंग्रजी नावच स्नोशू-ससा पडलंय.

माणसानं ही युक्ती कधी उचलली? इटलीच्या आल्प्स पर्वतात, तीन हजार मीटरांहून उंच जागी, हिमनदीच्या बर्फात एक स्नोशू सापडला. बर्च झाडाची वाकवलेली काठी आणि मध्ये दोऱ्या, बस्स. वय काढलं तर साधारण ५,८०० वर्षं! भाज्याची लेणी सुमारे २,२०० वर्षांची. म्हणजे आपल्या चैत्यगृहावर पहिली छिन्नी चालली तेव्हा तो स्नोशू साडेतीन हजार वर्षं बर्फात पडून होता.

आजचे स्नोशू ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. बुटाचा पुढचा भाग पट्ट्यानं बांधतात, टाच मोकळी ठेवतात, म्हणजे पाऊल नेहमीसारखं उचलता येतं. पंज्याखाली लोखंडी दात असतात, चढावर ते रुततात. पाय जरा फाकवून चालायचं, नाहीतर आपलाच एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो आणि आपण तोंडावर. मित्रांबरोबर जाण्यात खरी मजा इथं आहे. सगळे एकामागोमाग एक, रांगेत चालतात. पुढचा ताज्या हिमात वाट पाडतो, मागच्यांना ती दाबलेली वाट आयती मिळते. पुढचा दमला की तो बाजूला होऊन सगळ्यात मागे जातो आणि दुसरा पुढे येतो. आळशी मित्र लगेच उघडे पडतात!

आता स्की. चालण्यासाठी रुंद पाय लागतात हे कळलं, पण घसरायला काय लागतं? पुष्कळ दिवस पुस्तकांत असं उत्तर असायचं की स्कीच्या दाबानं खालचा बर्फ वितळतो, पाण्याचा थर होतो आणि माणूस घसरतो. ऐकायला झकास. पण हिशेब करा. स्कीच्या लांब पट्ट्यांवर तुमचा भार इतका वाटला जातो की त्या दाबानं बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही खाली येत नाही. उणे दहा अंशांतही लोक स्की करतात, त्याचं काय? हे उत्तर नापास.

खऱ्या उत्तरात दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं १८५० मध्ये हेरली. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते चिकटतात. का? त्याचं म्हणणं, बर्फाच्या पृष्ठभागावर कायमच एक ओलसर थर असतो. आज आपल्याला कारण माहीत आहे. आतल्या रेणूंना सगळीकडून शेजारी घट्ट धरून असतात. सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूंना वरच्या बाजूला धरायला कोणीच नसतं. म्हणून ते सैल, चुळबुळे, जवळजवळ पाण्यासारखे. दुसरी गोष्ट घर्षणाची. १९३९ साली बाउडन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला बर्फात खोदलेल्या गुहेत प्रयोग केले आणि दाखवलं की स्की घासली जाते, त्या उष्णतेनंच बर्फाचा पातळ थर वितळतो. हातावर हात चोळा, गरम होतात ना? तेच. आणि म्हणूनच भयंकर थंडीत, उणे तीस अंशांच्या आसपास, बर्फ वाळूसारखा खरखरीत होतो आणि स्की ओढावी लागते. बर्फ जितका थंड तितका निसरडा, असं अजिबात नाही.

घसरलो खरे, थांबायचं कसं? शिकवणारे मुलांना सांगतात, 'पिझ्झा कर!' दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची लांब. पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा त्रिकोण झाला की स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. पडायचंच असेल तर बाजूला, कुल्ल्यावर पडायचं. आणि पडणार तर आहातच.

आपल्या जादूच्या मावळात स्कीसाठी उतार कुठला घ्यायचा? लोहगडाचा? नको रे बाबा! आपला सह्याद्री साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलाय, एकावर एक रचलेला. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार. म्हणून इथले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. उतारावरून सूं करून निघालात की पुढे थेट कडा! त्यापेक्षा विसापूरचा पसरट माथा बरा, किंवा लोहगडाची विंचूकाटा नावाची सोंड. अशा सपाट जागी लांब, हलक्या स्की घालून चालल्यासारखं सरकत जायचं, तोही स्कीचा एक प्रकारच आहे. मला विचाराल तर नवशिक्यांनी आधी स्नोशू घालावेत. पहिल्याच दिवशी मित्रांशी गप्पा मारत जंगलात जाता येतं. स्की करताना पहिले दोन दिवस गप्पा कसल्या, फक्त 'आई गं!'

आणखी एक गोष्ट, जरा गंभीर. डोंगर आहे तिथं घसरणंही आहे. १९८९ च्या जुलैत अतिवृष्टीत भाज्यावर दरड कोसळली आणि गावातली माणसं दगावली. गावातल्या मोठ्यांना ते अजून आठवतं. बर्फाळ प्रदेशात दरडीच्या जागी हिमाचा लोट कोसळतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. म्हणून तिथं रोज सूचना निघतात, आणि उतार बंद आहे असं सांगितलं की शहाणे लोक हुज्जत घालत नाहीत. धबधब्यावर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी असते, तीही अशाच कारणासाठी.

खरा बर्फ हवा असेल तर कुठं जायचं? काश्मिरात गुलमर्गला २,६५० मीटरवर मोठं मैदान आहे. तिथून रोपवेच्या पाळण्यात बसून अफरवाटच्या डोंगरावर ३,९०० मीटरांहून वर जाता येतं. स्की आणि गिर्यारोहण शिकवणारी सरकारी संस्थाही तिथं आहे. तिथलाच आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता. आणि त्या ऑलिंपिकमधला जवळजवळ सगळा बर्फ यंत्रानं केलेला होता बरं का! थंड हवेत पाण्याचे बारीक फवारे उडवायचे, ते खाली पडेपर्यंत गोठतात. मात्र हे कण गोल गोळ्यांसारखे होतात. ढगातल्या हिमाच्या सहा पाकळ्या त्यांना नसतात. ढगात स्फटिक सावकाश वाढतो, पाण्याच्या वाफेतून एकेक रेणू जोडत. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळीत बसतात, म्हणून त्याच्या पाकळ्या सहाच. जपानच्या नाकाया उकिचिरो यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा असा स्फटिक वाढवला. स्फटिकाला टेकू म्हणून त्यांनी काय वापरलं असेल? सशाचा केस!

आता तुमचं काम. येत्या पावसाळ्यात चिखल झाला की एका पायाला फळी बांधा, साधारण वहीच्या दुप्पट लांबीची. सुतळी पुरते. आधी मोकळा पाय चिखलात किती रुतला ते काडीनं मोजा, मग फळीवाला. दोन्ही आकडे, तुमचं वजन आणि फळीची लांबी-रुंदी आम्हाला लिहून पाठवा. मित्राला हात धरायला सांगा, कारण फळी चिखलातून निघताना हिसका बसतो. आणि लावणी झालेल्या खाचरात मुळीच जाऊ नका. शेताच्या मालकाला आधी विचारा.